स्टॅम्पपेपर नाही म्हणजे करारच नाही? धंद्यातल्या करारांची मूळ तत्त्वं समजून घ्यायची आहेत

बेदाणेवाली

नमस्कार मंडळी.

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं छोटं युनिट आहे. शेडवर वाळवायचं, प्रतवारी करायची, पेट्या भरायच्या आणि घाऊकात विकायचं. नेहमीची गिऱ्हाइकं तोंडी शब्दावर माल उचलतात, पैसे मागेपुढे येतात, पण येतात. या वेळी मात्र गाडं अडलंय.

पुण्यातले एक नवे व्यापारी. फोनवर मी भाव सांगितला, घासाघीस झाली, शेवटी दोन टन हिरवा बेदाणा किलोला २२० रुपयांनी ठरला. ते म्हणाले, "पक्कं धरा." संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर मालाची प्रत, वजन, भाव आणि पोचवायची तारीख लिहून पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "ओके ताई, पाठवा." गाडी भरायच्या आदल्या दिवशी फोन आला की बाजार उतरलाय, १९० नं देत असाल तर बोला. मी म्हटलं, आपलं ठरलंय ना? तर म्हणे, "सही कुठाय? स्टॅम्प कुठाय? हे कोर्टात उभं राहणार नाही."

वकिलांकडे जाणारच आहे. पण त्याआधी आपल्याला निदान मुळाक्षरं तरी यावीत असं वाटतं. यूट्यूबवर ऑफर (प्रस्ताव), ॲक्सेप्टन्स (होकार), कन्सिडरेशन (मोबदला) असं परीक्षेसाठी पाठ करून घेतात. बेदाण्याच्या धंद्यात त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. जाणकारांनी लिहावं.

झाकोळ

ताई, सोडून द्या. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केल्याशिवाय काहीही होत नाही. आमच्या मावसभावाला हाच अनुभव आला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा माल दुसऱ्याला विका.

काळाकोट

माल दुसऱ्याला विका हा सल्ला बरोबर आहे, बाकीचा चुकीचा. जरा सविस्तर लिहितो. दिवाणी वकिली करतो, पण इथे लिहिलेलं सर्वसाधारण माहिती म्हणूनच घ्या. कागद बघितल्याशिवाय कुणाच्या प्रकरणावर मत देत नाही.

आपल्याकडे करारांचा मूळ कायदा १८७२ चा आहे, १ सप्टेंबर १८७२ पासून लागू. त्याचं कलम १० सांगतं की दोन्ही पक्ष सज्ञान आणि शुद्धीवर असावेत, संमती मोकळी असावी, मोबदला आणि हेतू कायदेशीर असावा, आणि कायद्याने तो करार मुळातच निरर्थक ठरवलेला नसावा. यात लेखी हवं, सही हवी, स्टॅम्प हवा असं कुठेही नाही. काही विशिष्ट व्यवहारांना दुसरे कायदे लेखी किंवा नोंदणीची अट घालतात, जमिनीची विक्री हे ठळक उदाहरण. मालाच्या विक्रीला तशी अट नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम ५ उलट स्पष्टच म्हणतं की विक्रीचा करार लेखी, तोंडी, अर्धा लेखी अर्धा तोंडी किंवा वागण्यातूनही होऊ शकतो.

तेव्हा ताईंचा करार झाला कधी? गृहस्थांनी "पक्कं धरा" म्हटलं तेव्हा, फोनवरच. संध्याकाळचा मेसेज हा त्या झालेल्या कराराचा पुरावा. आणि समजा फोनवर काही बाकी राहिलं होतं असं ते म्हणाले, तर "ओके ताई, पाठवा" ही लेखी स्वीकृती आहेच. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या प्रकरणात ईमेलवर ठरलेला सौदा बंधनकारक मानला. औपचारिक करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या तरीही.

आता फोनबद्दलची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच मुलखातली आहे आणि ताईंच्या कामाची आहे. २२ जुलै १९५९ ला अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरीकडून सरकीची पेंड घ्यायचं ट्रंक कॉलवर ठरवलं. प्रस्ताव अहमदाबादहून, होकार खामगावहून. पेंड आली नाही. पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादेत लावला. केडियांचं म्हणणं असं की होकार आम्ही खामगावात बसून दिला, करार खामगावात झाला, तर दावाही इकडेच चालवा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात. १९६५ मध्ये बहुमताने निकाल लागला: पत्राने होकार कळवला तर तो टपालात टाकल्यावरच प्रस्ताव देणाऱ्यावर बंधनकारक होतो, पण फोनवर तसं नाही. फोनवर होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबाद.

न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र वेगळं मत लिहिलं. करार कायद्याच्या कलम ४ चे शब्द जसे आहेत तसे वाचले तर बोलणाऱ्याने शब्द उच्चारले तिथेच काम झालं, म्हणजे खामगाव, असं त्यांचं म्हणणं. मला ते मत जास्त काटेकोर वाटतं. कायदा १८७२ चा, टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. जे यंत्र जन्मालाच आलं नव्हतं त्याची सोय कायदा लिहिणाऱ्यांनी केली नव्हती, आणि ती निकालात करावी लागली.

ताई, तुमचा प्रस्ताव, त्यांचा होकार, आणि तो तुम्ही तासगावात ऐकलात. त्यामुळे दावा लावायची वेळ आलीच तर तुम्हाला पुण्याला खेपा घालाव्या लागतीलच असं नाही.

पानसुपारी

म्हणजे ट्रंक कॉलवर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं ओरडत होते त्याला कायदेशीर अर्थ होता तर!

काळाकोट

होता! लाइन मध्येच कटली आणि होकार पोचलाच नाही, तर करार नाही.

प्रश्नचिन्ह

चांगला धागा, वाचनखूण साठवली. दोन शंका. एक, मग स्टॅम्पपेपर लागतो कशाला? दोन, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि समोरच्याने उत्तरच दिलं नाही, तर होकार धरायचा का? आमचे साहेब सगळ्यांना पाठवतात, "दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजू."

काळाकोट

दुसरं आधी. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. १८६२ चा इंग्लंडमधला फेल्टहाउस विरुद्ध बिंडले हा खटला प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवतात. काकाने पुतण्याला लिहिलं की तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा मी ३० पौंड १५ शिलिंगला घेतला असं समजेन. पुतण्या गप्प. घोडा चुकून लिलावात गेला, आणि कोर्ट म्हणालं की काकाचा त्या घोड्यावर हक्कच नव्हता. निळी खूण एवढंच सांगते की मेसेज उघडला गेला. तुमच्या साहेबांचं वाक्य नव्या गिऱ्हाइकाला काही बांधत नाही. मात्र वर्षानुवर्षं त्याच पद्धतीने व्यवहार होत असेल, समोरचा गप्प राहून माल उतरवून घेत असेल, तर त्याच्या वागण्यातून होकार काढता येतो. होकार दिसतो तो माल उतरवून घेण्यात.

स्टॅम्पचं असं आहे की तो कर आहे. दस्त झाला तर राज्य सरकारला द्यायचं मुद्रांक शुल्क. कोणत्या दस्ताला किती, हे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत दिलंय. आपण सरसकट वापरायचो तो १०० चा कागद, त्या जागी ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागतात. शुल्क कमी भरलेला दस्त कोर्ट पुराव्यात घेत नाही, आधी तूट आणि दंड भरा म्हणतं. भरलं की दस्त चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी लवाद कराराच्या (वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचा करार) संदर्भात हेच सांगितलं: मुद्रांक नसणं हा दुरुस्त होणारा दोष आहे, त्याने करार निरर्थक होत नाही.

आणि कपाटात जुने कोरे स्टॅम्पपेपर जपून ठेवणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात खरेदीपासून सहा महिन्यांत वापरला नाही तर तो कागद बाद. मागची तारीख टाकून करार करायचे उद्योग करू नका, मुद्रांक विक्रेत्याकडे नोंद असते.

नोटरीचंही सांगून टाकतो. नोटरी म्हणजे सही करणारा माणूस समोर होता याची साक्ष. आत लिहिलेलं खरं किंवा कायदेशीर आहे असं नोटरी म्हणत नाही.

सस्कॅचवानकर

मी कॅनडात रेजायनाजवळ असतो, त्यामुळे यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे एक प्रकरण गाजलं. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला, खाली लिहिलं, "कृपया करार मान्य असल्याचं कळवा." शेतकऱ्याने फक्त अंगठ्याची खूण पाठवली. माल दिला नाही, मधल्या काळात जवसाचे भाव वर गेलेले. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे फक्त "मेसेज मिळाला." कोर्टाने २०२३ मध्ये निकाल दिला की अंगठा म्हणजे होकार, आणि ८२,००० डॉलरच्या वर भरपाई लावली. २०२४ च्या शेवटी अपिलातही तेच कायम राहिलं.

पण काळाकोट म्हणतात ते इथेही लागू पडलं. या दोघांचे आधीचे सौदे असेच झाले होते. शेतकरी "ओके", "ठीक दिसतंय" एवढंच लिहायचा आणि माल पोचवायचा. त्या इतिहासामुळे अंगठ्याला अर्थ आला. भारतातल्या कोर्टावर हा निकाल बंधनकारक नाही, पण गावाकडच्या ग्रुपवर अंगठे वाटणाऱ्या आमच्या बंधूंना मी तो पाठवून ठेवलाय.

निवृत्तबँकर

कर्जखात्यांत आयुष्य गेलं, त्यामुळे मला करार झाला की नाही यापेक्षा करार कुणाशी झाला याची काळजी जास्त. ताई, ते व्यापारी एकटे मालक आहेत, भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड? बिलावर नाव कुणाचं? फोनवर बोलणारा मालक की दिवाणजी? जीएसटी क्रमांक टाकला की पोर्टलवर कायदेशीर नाव दिसतं, एवढं तरी पहिल्या सौद्याआधी बघत जा. लोक दुकानाच्या पाटीवरचं नाव लिहितात आणि नोटीस कुणाला काढायची तिथेच अडतात.

दुसरं, तुमचं स्वतःचं युनिट दीर-जाऊ मिळून भागीदारीत असेल तर ती फर्म नोंदवलेली आहे का? १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ फार कडक आहे. नोंदणी नसलेली फर्म कराराच्या आधारे बाहेरच्यावर दावा लावू शकत नाही. समोरचा मात्र तुमच्यावर लावू शकतो! दावा लावल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. घरोघरी पॅनकार्ड आणि बँक खातं काढून "आमची फर्म आहे" म्हणणारे पाहिलेत, पण फर्म निबंधकाकडे जायचा कंटाळा.

तिसरं म्हणजे मुदत. उधारीच्या वसुलीला साधारण तीन वर्षं. ती संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी बाकी मान्य केली तर तिथून पुन्हा नवी तीन वर्षं. म्हणून ३१ मार्चला खातेउतारा पाठवून "बाकी बरोबर" अशी सही-शिक्का आणायची आपली जुनी रीत. हल्ली तरुण पोरं तिला हसतात, त्यांनी मुदत कायद्याचं कलम १८ वाचावं.

फॅब्रिकेटर_पिंपरी

मी दंडाच्या कलमाबद्दल विचारतो. आमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये मोठ्या कंपन्या छापून ठेवतात, उशीर झाला तर आठवड्याला अमुक टक्के कपात. आम्हीही आता गिऱ्हाइकाला लिहून घेतो की ऑर्डर रद्द केली तर ॲडव्हान्स परत नाही. आणि वेल्डर शिकवून तयार केला की शेजारच्या शेडमध्ये पळतो, म्हणून बाँड घेतो: दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर चाकण-भोसरी पट्ट्यात तीन वर्षं काम करायचं नाही. सही घेतली की झालं ना?

झाकोळ

बाँड सगळे बेकायदेशीर असतात. इंटरनेटवर वाचलंय.

काळाकोट

तुम्ही दोघेही अर्धे बरोबर.

वेल्डर नोकरीत असेपर्यंत त्याला बांधून ठेवणारी वाजवी अट चालते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख भरायची अट वैध धरली. पण ती सरकारी बँक होती, पद अधिकाऱ्याचं होतं, आणि भरतीच्या खर्चाचं गणित कोर्टापुढे होतं. तुम्ही वेल्डरकडून तेवढीच रक्कम मागितली तर कोर्ट आधी विचारेल की शिकवायला तुमचा खर्च किती झाला. नोकरी सोडल्यानंतर चाकण-भोसरीत काम करू नको, ही अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ खाली निरर्थक. आपल्याकडे हे कलम इंग्लंडपेक्षा कडक आहे, तीन वर्षं वाजवी की एक वर्ष वाजवी असा वादच इथे होत नाही. अपवाद धंद्याची ख्याती विकल्याचा: चालू दुकान नावासकट विकलं तर त्याच भागात तेच दुकान न काढायची वाजवी अट घालता येते. क्रिकेटपटू झहीर खान, आपल्या श्रीरामपूरचा, त्याच्या बाबतीतही २००६ मध्ये करार संपल्यानंतरची अट अशीच निरर्थक ठरली. त्याचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीने करार संपल्यावरही पुढचा प्रस्ताव आधी आम्हालाच दाखव असं कलम घातलं होतं. ते टिकलं नाही.

आता दंड. कलम ७४ म्हणतं, आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही कमाल मर्यादा. १९६३ चा फतेहचंद खटला बघा. दिल्लीतला बंगला, १ लाख १२ हजार ५०० ला ठरलेला. खरेदीदाराने १,००० विसार आणि नंतर २४,००० दिले, व्यवहार फिसकटला, विक्रेत्याने सगळे २५,००० गिळायचं ठरवलं. विसाराचे १,००० त्याला ठेवता आले. उरलेल्या २४,००० साठी नुकसान काय झालं ते दाखवता आलं नाही, म्हणून ते जप्त करता आले नाहीत. तेव्हा "ॲडव्हान्स परत नाही" असं लिहिलं की विषय संपला असं नाही. माफक विसार, तो विसार आहे असं स्पष्ट लिहिलेलं, हे टिकतं. निम्मी रक्कम आगाऊ घेऊन ती सगळी बुडवली तर हिशेब द्यावा लागेल. तुम्ही कापलेला पत्रा दुसऱ्या कुठल्या कामाला येत नाही, हा चांगला हिशेब आहे. त्याची बिलं ठेवा.

फॅब्रिकेटर_पिंपरी

कळलं. आमच्याकडे ५० टक्के आगाऊ घेतात सगळेच. पत्र्याची बिलं ऑर्डरप्रमाणे वेगळी लावायला सांगतो अकाउंटंटला. मोठ्या कंपन्यांच्या कपातीलाही हाच न्याय का?

काळाकोट

तत्त्वतः हो. पण तिथे नुकसान मोजणं अवघड असेल, जसं प्रकल्प रखडला तर, तेव्हा आधी ठरवलेला वाजवी आकडा कोर्ट मान्य करतं. २००३ च्या ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स निकालापासून कंपन्यांचे वकील यावरच जोर देतात. कपात कोर्टात टिकणार नाही अशी आशा धरून सही करू नका. सहीआधी टक्के आणि कमाल मर्यादा बोलून घ्या.

बेदाणेवाली

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. फर्म नाही, युनिट माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते व्यापारीही एकटे मालक, जीएसटी पोर्टलवर नाव बघितलं.

दोन प्रश्न राहिले. ते म्हणतात बाजार पडला ही काही माझी चूक नाही, म्हणजे करार आपोआप रद्द. आणि मी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, काढलीय, तर लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा नियम मला लागेल का?

काळाकोट

बाजार पडणं हे धंद्याचं नेहमीचं आहे. करार कायद्याच्या कलम ५६ खाली करार सुटतो तो काम अशक्य किंवा बेकायदेशीर झालं, पायाच उखडला तर. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणात इंडोनेशियाच्या कायद्यात बदल होऊन कोळसा प्रचंड महागला, वीज कंपन्या म्हणाल्या की आता परवडत नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, महाग होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. तिथे टिकलं नाही ते किलोमागे ३० रुपयांसाठी टिकेल असं दिसत नाही.

४५ दिवसांचा नियम माल किंवा सेवा घेतल्यानंतर पैसे थकले तर. तुमचा माल त्यांनी उचललाच नाही, त्यामुळे इथे तो कामाचा नाही. पुढच्या उधारीला मात्र लक्षात ठेवा: लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस, लेखी ठरलं तरी ४५ च्या पुढे नाही, त्यापुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ.

आता तुम्हाला काय मिळू शकतं? कलम ७३ प्रमाणे ठरलेला भाव आणि त्यांनी मोडलं त्या दिवसाचा बाजारभाव यातला फरक. १९० धरला तर किलोला ३०, दोन टनाला ६०,०००, वर या मोडण्यामुळे झालेला वाजवी खर्च. माल शेडमध्ये अडवून ठेवून भाव १५० झाल्यावर ७० चा फरक मागाल तर मिळणार नाही. नुकसान आवरायची जबाबदारी तुमचीही आहे. एक लेखी सूचना द्या, अमुक तारखेपर्यंत माल उचला, नाहीतर दुसऱ्याला विकून फरक तुमच्याकडून घेऊ. मग पक्क्या बिलावर विका. बाजार समितीच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, विकलात तर त्या दिवशीचा समितीचा भावतक्ताही ठेवा.

चॅट पुसू नका, मोबाइल बदलू नका, आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर आजच बंद करा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आहे, कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला तर समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो.

बेदाणेवाली

आज सूचना ईमेल आणि स्पीड पोस्टाने पाठवते. पुढच्या सौद्यांसाठी हा मेसेज तयार केलाय, बघा जरा:

"बेदाणा हिरवा, प्रत पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे. वजन २,००० किलो, १५ किलोच्या पेट्या. भाव किलोला अमुक, जीएसटी व भाडे वेगळे. गाडी अमुक तारखेला तासगावहून. विसार अमुक, सौदा मोडल्यास परत नाही. बाकी माल उतरल्यापासून १५ दिवसांत. वाद झाल्यास फक्त सांगली जिल्ह्यातील न्यायालयात. मान्य असल्यास 'मान्य' लिहून आपले पूर्ण नाव व फर्मचे नाव पाठवावे."

निवृत्तबँकर

छान. "पूर्ण नाव व फर्मचे नाव" बघून बरं वाटलं.

काळाकोट

चांगलं जमलंय. न्यायालयाचं कलम चालेल, कारण करार किंवा व्यवहाराचा भाग सांगली जिल्ह्यात घडतोच. ज्या कोर्टाचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही ते मात्र दोघांनी ठरवूनही निवडता येत नाही. "नमुन्याप्रमाणे" लिहिलंय तर नमुन्याची एक सीलबंद पिशवी तारीख घालून स्वतःकडे ठेवा. नमुन्याशी माल जुळला नाही तर नाकारायचा हक्क त्यांना आहे, आणि पिशवी नसेल तर जुळला हे तुम्ही दाखवणार कसं? माल उतरल्यापासून किती दिवसांत तक्रार करायची तेही टाका, बेदाणा दमट गोदामात पडला की रंग बदलतो.

बेदाणेवाली

तीन दिवस टाकते. आमच्याकडे पावसाळ्यात तेवढेही जास्त होतात.